आंतोनच्या घामाचे कपडे

मी निघाले त्या दिवशी माझी बॅग माझ्या मोठ्या भावानं, सुगतदादानं, जीपच्या टपावर चढवली. बदलापूरला, कात्रपच्या आमच्या बिल्डिंगखाली बायका जमल्या होत्या. आई रडत होती आणि बाबा ड्रायव्हरला सहार विमानतळाचा रस्ता तिसऱ्यांदा समजावून सांगत होते. दादा दोरी आवळून खाली उतरला आणि त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याची नखं मुळापर्यंत निळी होती. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात लागून त्याला तेव्हा सहा महिने झाले होते, आणि साबण, रॉकेल, लिंबू, कशानंही तो रंग निघत नव्हता. हाताला नासलेल्या अंड्यासारखा वास होता. मी मान बाजूला घेतली. त्यानं हात लगेच काढून घेतला आणि म्हणाला, "सांभाळून जा."

मागे राहिलेल्यांसाठी मी हे लिहितेय, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही. आपण निघून आलेली माणसं घराबद्दल फार गोड लिहितो. इथल्या, इंग्लंडातल्या आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात दर वर्षी कुणाची तरी आई, कुणाचं तरी अंगण, कुणाच्या तरी हातची भाकरी असते. मला ते वाचवत नाही. दोन पानांनंतर पाकातलं काहीतरी जास्त खाल्ल्यासारखं होतं. उल्हासनगर म्हटलं की मला वालधुनी नदी आठवते, जिचं पाणी सोमवारी लाल तर मंगळवारी हिरवं असायचं आणि जिच्या काठावरच्या शिवणकारखान्यात मी तोंडाला ओढणी बांधून बसायचे. आणि मला मी आठवते. ती आठवण त्या पाण्यापेक्षा वाईट आहे.

आमचे बाबा कारखान्यात टर्नर होते. घरात शिस्त होती, पुस्तकं होती, भिंतीवर तसबिरी होत्या आणि संध्याकाळी वंदना होती. बाबांना एकच गोष्ट घरात चालायची नाही, ती म्हणजे नाच. रेडिओवर गाणं लागलेलं चालायचं, पण आम्ही पोरांनी त्यावर पाय हलवलेला चालायचा नाही. कारण आम्हाला ठाऊक होतं. बाबांचे वडील नगरकडच्या एका तमाशात नाच्या होते. बाईसारखं चालायचं, कंबर मोडायची, लोकांना हसवायचं. ज्यांनी शिट्ट्या वाजवल्या तेच लोक सकाळी त्यांना लांबून, वरून पाणी ओतायचे. आमचे लोक धम्मात आले त्या वर्षी आजोबांनी कमरेपर्यंतचे केस स्वतःच्या हातानं कापले आणि परत कधी फडात उभे राहिले नाहीत. हे बाबांनी आम्हाला एकदाच सांगितलं होतं. सांगताना त्यांचा आवाज अगदी साधा होता, म्हणून ते जास्त लक्षात राहिलं.

आणि त्याच घरात सुगतदादा जन्माला आला. त्याच्या अंगात ते होतंच. बारावीनंतर तो उल्हासनगरला एका दुकानात हिशेब लिहायला जायचा. तिथं कॅम्प चार नावाच्या वस्तीत परसूमास्टर नावाचे एक सिंधी गृहस्थ मुलींना नाच शिकवायचे. मास्टर तरुणपणी मुंबईत एका बॅले मंडळीत होते, तिथं एका परदेशी बाईकडून शिकलेले. दादाला त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "साईं, तेरे पैर में स्प्रिंग है, लेकिन तू उसको फेकता है." तेव्हापासून दोन वर्षं दादा कामावरून सुटला की मास्टरांकडे जायचा. घरी सांगायचा, व्यायामशाळेत जातो. आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीचा लोखंडी पाइप होता, तो धरून तो सकाळी गुडघे बाहेरच्या बाजूला वळवून वाकायचा, उठायचा, पुन्हा वाकायचा, शंभर शंभर वेळा. मला हसू यायचं. मी विचारलं, ह्यात नाच कुठे आहे? तो म्हणाला, मास्टर सांगतात, वर कुणीही जातो, खाली येताना माणूस कळतो.

मग मास्टरांनी उल्हासनगरच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम ठरवला. दादा त्यात राजपुत्र होता. त्याचे कपडे मीच शिवले, कारखान्यात उरलेल्या तुकड्यांतून. घट्ट पांढरी विजार आणि निळ्या मखमलीचा आखूड अंगरखा. गच्चीवर घालून दाखवला तेव्हा तो इतका देखणा दिसला की मीच बघत राहिले.

त्याच महिन्यात मला स्थळ आलं. मुलगा इंग्लंडात एका इस्पितळात नोकरीला, आईवडील अंबरनाथला, आपल्यातलेच, शिकलेले. सासू होणारी बाई चहा पिता पिता अगदी हळू म्हणाली, "तुमच्याकडे अजून नाचतात का? कुणीतरी सांगत होतं, मुलगा जातो म्हणून." 'अजून' हा शब्द तिनं बशीत चहा ओतावा तसा ओतला. तिच्या नाकाजवळ एक सुरकुती पडली होती, घाण वास आल्यावर पडते तशी. बाबांचा चेहरा काळवंडला. ते म्हणाले, आमच्यात कुणी नाचत नाही.

ते लोक गेल्यावर बाबांनी दादाला विचारलं. दादा म्हणाला, व्यायाम आहे, बाबा. बाबांनी मान डोलावली. त्यांना विश्वास ठेवायचा होता.

मी दोन दिवस विचार केला. खरं तर विचार काही केला नाही, फक्त घाबरले. बावीस वर्षांची होते, त्या नाल्याकाठून मला सुटायचं होतं आणि सुटायची एकच वाट दिसत होती. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी बाबा शिफ्टवरून आले तेव्हा मी त्यांना पाणी दिलं आणि हॉलचा पत्ता दिला. वेळही सांगितली.

बाबांनी दादाला मारलं नाही. लोकांनी नंतर काहीही सांगितलं तरी ते खरं नाही. ते हॉलमध्ये गेले, स्टेजच्या पायऱ्या चढले, दादाचं मनगट धरलं आणि त्याला खाली घेऊन आले. कपडे बदलू दिले नाहीत, एवढंच. त्या घट्ट विजारीत, मखमली अंगरख्यात, तोंडाला रंग लावलेला माझा चोवीस वर्षांचा भाऊ उल्हासनगरच्या भरल्या बाजारातून बाबांच्या मागे चालत आला, आणि बदलापूरला उतरल्यावर पुन्हा आमच्या कात्रपच्या रस्त्यानं. कुणी म्हणालं, ए हिरो. कुणी म्हणालं, ए बाई, कमर दिखा. एकानं मागून त्याला चिमटा काढला. आमच्याच खालच्या मजल्यावरचा एक माणूस, जो दर पौर्णिमेला विहारात पहिल्या ओळीत बसायचा, तो जिन्यात थुंकला आणि मग बाबांना म्हणाला, बरं केलंत.

मी खिडकीतून बघत होते. दादा बाथरूममध्ये गेला आणि तासभर बाहेर आला नाही. पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "बाबा, तुम्हाला कुणी सांगितलं?"

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "लोकांनी."

मी पोळ्या लाटत होते. लाटत राहिले.

पुढच्या आठवड्यात दादा रंगाच्या कारखान्यात लागला. पाच महिन्यांनी माझं लग्न झालं, त्यानंतर महिन्याभरात मी निघाले. पहिल्या परिच्छेदातला त्याचा हात तो हाच.

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या ज्या शहरात मी आले तिथं पहिली चार वर्षं मी घरीच कपडे शिवून देत होते. आपल्या बायकांचे ब्लाउज, पडदे, असंच. मग एका थिएटरच्या बॅले कंपनीत वॉर्डरोबमध्ये शिवणारी पाहिजे म्हणून कळलं आणि मी लागले. मला वाटलं होतं मखमल आणि जरीकाम असेल. पहिल्या दिवशी माझ्यापुढे एक मोठी टोपली आली, आदल्या प्रयोगाच्या पुरुष नर्तकांच्या कपड्यांची. ओली. थंड. उघडल्याबरोबर जो वास आला त्यानं मी टॉयलेटमध्ये जाऊन ओकले. त्यात घाम होता, मलम होतं, मेकअपची चरबी होती, आणि मोज्यांच्या टोकांना वाळलेलं रक्त. परत येऊन मी हातमोजे घातले. घरी फोनवर सांगितलं, राण्यांचे झगे शिवते. परक्या पुरुषांच्या घामाचे कपडे धुते हे बाबांना कुठल्या तोंडानं सांगणार होते?

त्या टोपलीत सगळ्यात जास्त भिजलेले कपडे आंतोनचे असायचे. आंतोन कंपनीचा मुख्य नर्तक. पूर्वेकडच्या कुठल्याशा थंड देशातून आलेला, माझ्याच वयाचा, मोडकं इंग्रजी बोलणारा. त्याला मी नाचताना पाहण्याआधी त्याच्या शिवणींतून ओळखायला लागले. बाकीच्यांच्या अंगरख्याची काखेतली शिवण प्रत्येक प्रयोगाला उसवायची. हात वर गेला की खांदा वर जातो आणि कापड ओढलं जातं. आंतोनची शिवण कधीच उसवली नाही. मला वाटलं, हा हात कमी उचलत असेल. एका फिटिंगला मी त्याला तसं विचारलं. तो हसला. माझा हात धरून त्यानं आपल्या पाठीवर, खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मध्ये ठेवला आणि हात डोक्यावर नेला. त्याचा खांदा जागचा हलला नाही. माझ्या तळव्याखाली मात्र पाठीतलं काहीतरी खोल, मोठं, सावकाश खाली सरकलं.

"इथून," तो म्हणाला. "हात इथून सुरू होतो."

त्या दिवशी मी हातमोजे घातले नव्हते. त्याची पाठ घामानं चिकट होती आणि मला किळस आलीच. पण मी हात काढला नाही.

मग मी विंगेत उभी राहून बघायला लागले. सुई-दोरा घेऊन उभं राहायचं, काही उसवलं तर तिथंच टाका घालायचा, हे कामच होतं. प्रेक्षकांना जे दिसत नाही ते तिथून दिसतं. बाकीचे उडी मारायच्या आधी घाईत असतात, टाच जमिनीला टेकल्यासारखी करतात आणि सुटतात. आंतोन गुडघे वाकवायचा तेव्हा टाच पूर्ण टेकायची, जणू त्याला कुठेही जायचं नाही. आणि त्या निवांतपणातून तो एकदम वर असायचा. वर गेल्यावर पाय तो उशिरा उघडायचा, उडी जिथं संपायला हवी तिथं, म्हणून वाटायचं की हा हवेत क्षणभर थांबला. थांबत नव्हता. कुणीच थांबू शकत नाही. तो आपल्या डोळ्यांना फसवत होता आणि ती फसवणूक शिकायला त्याची वीस वर्षं गेली होती. खाली येताना आधी बोटं, मग चवडा, मग टाच, मग गुडघा. माझ्यापासून सहा फुटांवर एवढा धिप्पाड माणूस उतरायचा आणि फळीचा आवाज व्हायचा नाही. गिरक्या घेताना त्याची मान सगळ्यात शेवटी निघायची आणि सगळ्यात आधी पोचायची. शेवटची गिरकी तो तोडायचा नाही, ती मंद होत होत उभी राहायची. आणि जोडीदारणीला उचलायचा तेव्हा तिच्याआधी श्वास घ्यायचा. सगळं श्रेय तिला जायचं. लोकांना वाटायचं तीच हलकी आहे.

पडदा पडला की तो विंगेत येऊन खाली बसायचा. एकदा त्याला मोजा काढता येईना, कातडीला चिकटला होता. मी कोमट पाण्याचं घमेलं आणलं. मोजा भिजवून हळूहळू सोडवला. अंगठ्याचं नख मोज्याबरोबर आलं. त्यानं आवाज केला नाही. ह्या वेळी मी मान फिरवली नाही.

किळस म्हणजे काय असते हे मला कळलं ते एका दुपारी. कंपनीला देणग्या देणाऱ्या काही बायका वॉर्डरोब बघायला आल्या होत्या. अत्तर, मोती, सगळं. आदल्या दिवशी त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या, एकीच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. त्याच बाईनं आंतोनचा न धुतलेला अंगरखा दोन बोटांनी उचलला, नाकाजवळ सुरकुती पाडली आणि "बापरे, हा त्याचा?" असं काहीतरी म्हणत टोपलीत टाकून दिला. मग तिनं ती दोन बोटं रुमालाला पुसली.

ती सुरकुती मी ओळखली. सासूच्या चहाच्या बशीमागे हीच होती. जिन्यात थुंकणाऱ्या माणसाची हीच. शिट्ट्या वाजवून वरून पाणी ओतणाऱ्यांचीही हीच असणार. आणि जीपजवळ एक निळा हात डोक्यावर आला तेव्हा ती माझ्या चेहऱ्यावर होती. मी अंगरखा उचलला, उलटा केला आणि त्या बाईसमोर नुसत्या हातांनी साबण लावायला बसले. ती निघून गेली. मी खूप वेळ घासत होते. मला माझाच चेहरा घासून काढावासा वाटत होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी आंतोनच्या प्रयोगाची व्हिडिओ कॅसेट घेऊन बदलापूरला गेले. कात्रप ओळखू येत नव्हतं, चहूबाजूंनी नवे फ्लॅट. आई गेली होती. बाबा रिटायर होऊन खुर्चीत बसलेले. दादा त्याच कारखान्यात. हातांवर पांढरे चट्टे, पोट सुटलेलं, दम लागायचा. त्याची बायको संगीता, समजूतदार. रविवारी सकाळी भाड्यानं व्हीसीआर आणला आणि मी कॅसेट लावली. बाबांना नुसतं सांगितलं, माझ्या कामावरचं आहे.

दादा दारात उभा राहून बघत होता. पहिल्या उडीला त्याचा हात चौकटीवर घट्ट झाला. पाच मिनिटांनी तो आत आला आणि जमिनीवर, टीव्हीच्या अगदी जवळ बसला. एकदाच बोलला. म्हणाला, ह्याचा डावा गुडघा दुखतोय, उतरताना वजन उजवीकडे घेतो. सात वर्षं मी आंतोनचे कपडे शिवत होते. त्याच्या डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती हे कंपनीबाहेर कुणालाही माहीत नव्हतं. टीव्हीच्या काचेवर दादानं पाच मिनिटांत ते ओळखलं.

बाबा शेवटपर्यंत हलले नाहीत. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, फुलं येतात, ते सगळं त्यांनी पाहिलं. मग चष्मा काढला आणि मला विचारलं, "हा माणूस नाचून झाल्यावर त्याला जेवायला कुठे बसवतात?"

मी म्हणाले, "सगळ्यांबरोबर, बाबा. टेबलावर. मोठी मोठी माणसं त्याच्या शेजारची खुर्ची मागतात."

बाबांनी चष्मा पुसून परत घातला. मग म्हणाले, "मग नाचू दे त्याला."

दादा उठून गॅलरीत गेला. मी त्याच्या मागे गेले आणि तिथंच, उभ्या उभ्या, सांगून टाकलं. की पत्ता मी दिला. वेळ मी सांगितली. लग्न मोडू नये म्हणून.

मला वाटलं होतं तो म्हणेल, जाऊ दे, झालं ते झालं. आपण कबुली देतो तेव्हा मनातून हेच मागत असतो. तो खालच्या रस्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाबांचा मला कधी राग आला नाही. त्यांनी त्यांच्या बापाला पाहिलं होतं. पण कपडे तू शिवलेस, शोभा. माप घेताना तू माझ्या समोर उभी होतीस."

"त्या दिवसानंतर मला माझ्या अंगाचीच शिसारी आली," तो म्हणाला. "आंघोळीला कपडे काढले की यायची. अजून येते." आणि मग, आवाज न चढवता, "ती कॅसेट घेऊन जा. परत आणू नकोस."

तो आत गेला. दुपारी जेवायला आम्ही सगळे एकत्र बसलो. त्यानं संगीताला सांगितलं, शोभाला आमटी वाढ. मला नाही म्हणाला काही.

त्यानंतर बाबा गेले. आंतोननंही नाचणं सोडलं, त्या गुडघ्यानं शेवटी त्याला बसवलंच. जाताना त्यानं माझ्या हातांना हात लावून आभार मानले, त्या साबणानं सोललेल्या हातांना. इथं मला सगळे चांगली बाई समजतात. मंडळात मी खजिनदार आहे. माझ्याबद्दल वाईट असं इथं कुणालाच माहीत नाही, आणि कधीकधी ह्या चांगुलपणाचीच मला घाण वाटते.

मी दर दोन वर्षांनी बदलापूरला जाते. दादा दार उघडतो, बॅग घेतो, विमान वेळेवर होतं का विचारतो. ते बोलणं आमच्यात पुन्हा निघालेलं नाही. त्यानं मला माफ केलेलं नाही; करणारही नाही, आणि मी आता मागतही नाही. मी आत जाते. संगीता चहा टाकते. समोर तो बसतो, ज्याला मी काय आहे ते पूर्ण ठाऊक आहे, आणि विचारतो, किती दिवस आहेस? त्या खोलीत मला काही लपवावं लागत नाही. जगात दुसऱ्या कुठल्याही खोलीबद्दल मला असं म्हणता येत नाही, म्हणून मी तिलाच घर म्हणते.